प्रपत्र ‘अ’ आणि वाईचा पाऊस

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आले की त्याचा सहावा हिस्साही वाट्याला येत नाही, एवढे एक सत्य मुलांच्या मनावर ठसले की पर्जन्यछायेचा पाठ सार्थकी लागला, असे मी मानत आलो आहे. ते ठसवण्यासाठी मला फळा, खडू आणि पश्चिमेची खिडकी एवढी सामग्री पुरत असे. यंदा मात्र शाळेत स्मार्ट बोर्ड आला आणि त्याच्या पाठोपाठ प्रपत्र ‘अ’ आले. हवामान या घटकाच्या अध्यापनास उपयुक्त अशा ऑनलाइन संसाधनांचे मूल्यमापन करून अहवाल सादर करावा, असा वरून आदेश होता. अचूकता, भाषा, जाहिराती, नोंदणीची सक्ती, इंटरनेटशिवाय उपलब्धता असे रकाने आखलेले होते. काम भूगोलाचे असल्याने ते माझ्याकडे आले. ते संगणकाचे असते तरीही माझ्याकडेच आले असते, हा भाग वेगळा.

पहिल्याच संकेतस्थळावर रोमन लिपीत वाई टंकताच त्याने मोठ्या अगत्याने आम्हांला हवाई बेटांवरील वायलेआले पर्वतावर नेऊन सोडले. जगातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत या पर्वताची गणना होते. आपल्या गावाचा आलेख एवढा उंच गेलेला पाहून सातवीच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि पर्जन्यछायेचा पाठ तिथेच वाहून गेला. दुसरे संकेतस्थळ खास शाळांसाठी अमेरिकेत तयार केलेले होते. चित्रे सुरेख, स्वाध्याय नेटके, पण ऋतू चारच. हिमवर्षावात हातमोजे कोण घालील, या प्रश्नावर आमच्या वर्गाने एकमुखाने ‘डॉक्टर’ असे उत्तर दिले. तापमान फॅरेनहाइटमध्ये होते. १०४ अंश वाचून एका मुलीने, “सर, एवढ्या तापात तर दवाखान्यात ॲडमिट करतात,” अशी काळजी व्यक्त केली. १०४ म्हणजे आपले ४० अंश सेल्सियस, आणि मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार याच आकड्यापासून सुरू होतो, हे समजावेपर्यंत घंटा झाली.

त्यानंतर मी भारतीय हवामान विभागाच्या आश्रयाला गेलो. १८७५ साली स्थापन झालेल्या या विभागाकडे आकड्यांना तोटा नाही. मात्र ते आकडे वर्गात नेण्यापूर्वी शिक्षकाने पुरेशी झोप घेतलेली असावी. उदाहरणार्थ, दिवसाचा पाऊस हा सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा असतो, त्यामुळे आजच्या खात्यात जमा झालेला पाऊस बहुतांशी कालच पडून गेलेला असतो. सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरची नोंद मुलांना एके ठिकाणी २६ जुलै २००५ अशी सापडली आणि दुसऱ्या ठिकाणी २७ जुलै, तेव्हा मुंबई लागोपाठ दोनदा बुडाली असा निष्कर्ष त्यांनी वहीत उतरवून ठेवला. त्याच वेळी कुलाब्याला अवघा ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता, हे सांगितल्यावर तर माझ्याच आकड्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला.

इन्सॅट उपग्रहाच्या चित्राने खरी परीक्षा घेतली. अकराच्या तासाला उघडलेल्या चित्राच्या कोपऱ्यात ०५०० अशी वेळ होती. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “सर, पहाटे पाचला ढगांवर एवढे ऊन कसे?” जागतिक प्रमाणवेळेत साडेपाच तास मिळवले की आपले साडेदहा वाजतात, हे फळ्यावर मांडून होते न होते तोच पुढचे चित्र आले. ते अवरक्त किरणांचे असल्यामुळे रात्रीही निघते, आणि त्यात ढगाचा माथा जितका उंच व थंड, तितका तो पांढरा दिसतो. प्रश्न विचारणारा हा मुलगा चाचणीत भूगोलाला काठावर पास होतो, याचे मला त्या दिवशी फार आश्चर्य वाटले. अचूकतेच्या रकान्यात मी या संसाधनाला पूर्ण गुण दिले. नोंदीबरोबर स्थळ, काळ आणि एकक सांगणे ही माझ्या मते मोठी सभ्यता आहे.

वाऱ्याच्या वाहत्या रेषा दाखवणारे ‘विंडी’ उघडले तेव्हा वर्ग प्रथमच निःशब्द झाला. परंतु तिथे युरोपीय आणि अमेरिकी असे दोन्ही अंदाज पाहता येतात, आणि मुलांना ते दोन्ही पाहायचेच असतात. गुरुवारच्या सामन्याविषयी दोन खंडांचे एकमत होत नव्हते. अंदाज काढणारे अमेरिकी संगणकीय प्रतिमान पृथ्वीचे सुमारे १३ किलोमीटरचे चौकोन पाडते, त्यामुळे भिजलेली पाचगणी आणि कोरडी वाई एकाच चौकोनात नांदू शकतात, हे मी सांगितले. “म्हणजे सर, आपल्या मैदानाचे कोणीच सांगत नाही,” असा त्याचा सारांश वर्गाने काढला. मुलांचे स्वतःचे मूल्यमापन याहून सोपे आहे: ज्या ॲपवर जिल्हा लाल दिसतो ते उत्तम, कारण लालनंतर जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी येते. नारिंगी दाखवणारे मध्यम, आणि हिरवे दाखवणारे मोबाइलमधून काढून टाकावे.

अखेरीस आमच्या संस्कृतच्या बाईंनी शिक्षक कक्षातील खिळ्यावरचे पंचांग माझ्यापुढे ठेवले. त्यात मृगापासून प्रत्येक नक्षत्राचे वाहन दिलेले होते: बेडूक किंवा म्हैस असेल तर पाऊस चांगला, कोल्हा असेल तर ओढ. मी ते गमतीने प्रपत्राला लावून पाहिले. भाषा मराठी, जाहिराती फक्त मलपृष्ठावर, नोंदणी नको, पासवर्ड नको, आणि इंटरनेटशिवाय वर्षभर उपलब्ध. अद्ययावत होण्याच्या रकान्यात ‘वर्षातून एकदा’ आणि अचूकतेपुढे ‘शून्य’ लिहूनही एकूण बेरजेत पंचांगच पहिले आले. बेरीज बेरीज असते, तेव्हा मी अहवाल तसाच पाठवला. तो चारच दिवसांत परत आला. लाल शाईत शेरा होता: “अनुक्रमांक १ वरील संसाधनाची लिंक नमूद नाही. पूर्तता करून फेरसादर करावे.”