हजार घड्यांची कताना? जरा थांबा

‘पोलादाला हजार घड्या घालून खास तुमच्यासाठी घडवलेली सामुराई तलवार’ अशी कतानाची, म्हणजे जपानी लांब तलवारीची, जाहिरात सध्या फिरते आहे. गणित करून बघा. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात, म्हणजे 10 घड्यांतच 1,024 थर. हजाराचा आकडा बहुधा इथूनच उचललाय. जपानी लोहार साधारण 10 ते 15 घड्या घालतात. त्यापुढे पोलादातला कार्बन जळत जातो आणि हाती काहीच लागत नाही.

दुसरा गैरसमज, जुन्या तलवारीची प्रतिकृती म्हणजे बनावट माल. जपानात नामवंत पात्यावरून नवं पातं घडवण्याला ‘उत्सुशी’ म्हणतात, आणि ते मानाचं काम आहे. परवानाधारक लोहार महिन्याला फार तर दोन लांब तलवारी करू शकतो, त्यामुळे ‘आठवड्यात घरपोच’ म्हणणारा काय विकतोय ते समजून घ्या. मूठ काढून आतला भाग पाहा. जुन्या पात्यावर तिथे दाट काळपट गंज असतो, कानशीच्या खुणाही पुसटलेल्या. उत्सुशीवर तो भाग लख्ख, आणि कोरलेलं नाव आजच्या लोहाराचं. मासामुने या जुन्या नामवंत जपानी लोहाराचं नाव नव्या पात्यावर कोरून जुनं म्हणून विकलं, तर मात्र ती ‘गिमेई’, सरळ खोटी सही.