परीक्षा कधी आहे?

आमच्याकडे माणूस पुस्तक घेऊन बसलेला दिसला की दोनच शक्यता धरतात. एक तर त्याची परीक्षा आहे, नाहीतर त्याला काम सांगायला हरकत नाही. त्याला नुसतंच वाचायचं असेल, ही तिसरी शक्यता जयगडपासून पूर्णगडपर्यंत कोणी मान्य केलेली मी तरी पाहिली नाही.

मी राज्यशास्त्रात एम.ए. करते. गाव रत्नागिरी तालुक्यातलं, समुद्राच्या इतकं जवळ की आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी धरते. ओटीवर येणारा प्रत्येक माणूस, मग तो पोस्टमन असो की विरजण मागायला आलेली शेजारची काकू, मला बघून पहिला प्रश्न हाच विचारतो, "परीक्षा कधी आहे गो?" तारीख सांगितली की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. आई न मागता चहा आणून ठेवते. नारळ खवायचं काम धाकट्या भावाकडे जातं. शेवटचा पेपर टाकून मी घरी आले, की त्याच संध्याकाळी खवणी परत माझ्यापुढे.

यावर मला तोडगा सापडला तो नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षांचा. नेट वर्षातून दोनदा होते, सेट त्याहून वेगळी. म्हणजे बारा महिने कुठली ना कुठली परीक्षा जवळ येतच असते. ती कधी संपत नाही आणि कोणी निकालही फारसा विचारत नाही, कारण गावात कोणाचाच लागलेला नाही. या आडोशाला बसून मी निम्मा रशिया वाचून काढला.

बाबांना संशय आहे. ते तारीख विचारत नाहीत, "अजून किती वर्षं?" असं विचारतात. एकदा मी त्यांना प्लेटोचा अभ्यासक्रम सांगितला. त्याच्या आदर्श राज्यात राज्यकर्ता व्हायचं तर विशीपासून तिशीपर्यंत गणित-भूमिती, पुढे पाच वर्षं तत्त्वचर्चा, मग पंधरा वर्षं कारभाराचा अनुभव, आणि पन्नाशी आली की खऱ्या ज्ञानाचं दर्शन. बाबांनी बोटं मोजली.

"आणि पगार?"

"पगार नाही. स्वतःचं घर नाही, सोनं बाळगायचं नाही, जेवण सगळ्यांबरोबर."

"म्हणजे तासिका तत्त्वावर," बाबा म्हणाले आणि पंप लावायला गेले.

अभ्यासाचं पुस्तक कोणतं आणि टाइमपासचं कोणतं, हे आमच्या घरात जाडीवरून ठरतं. जाड, इंग्रजी आणि बारीक टायपातलं ते अभ्यासाचं. हॉब्ज या इंग्रज राजकीय विचारवंताचं 'लेव्हायथन' या कसोटीला पूर्ण गुणांनी उतरतं. 1651 सालच्या पहिल्या आवृत्तीचं ते चित्र अजूनही मुखपृष्ठावर छापतात: डोंगरामागून एक अवाढव्य राजा वर आलाय, एका हातात तलवार, आणि त्याचं सगळं अंग शेकडो माणसांचं बनलेलं आहे. आईनं ते चष्म्याशिवाय पाहिलं आणि विचारलं, "याच्या अंगावर खवले कसले?" लेव्हायथन हा मुळात बायबलातला समुद्रातला राक्षस. वर्गात आम्हाला हे समजायला तासभर लागला होता. आईला नुसतं मुखपृष्ठ पुरलं, कारण ती नुकतीच मासे साफ करून उठली होती.

मराठी कादंबरीची मात्र धडगत नाही. ती सगळ्यांनाच वाचता येते, त्यामुळे लपत नाही. त्यातून कोकणातली असेल तर विचारूच नका. 'गारंबीचा बापू' 1952 सालचा, श्री. ना. पेंडशांचा, दापोलीकडचा. पण शेजारच्या काकूंची खात्री आहे की तो त्यांच्या माहेरच्या घरासमोर राहायचा. त्या पुस्तक माझ्या हातातून घेतात, मधलंच पान उघडतात, "हे असं नव्हतं झालेलं" म्हणतात आणि खरं काय झालं ते सांगायला बसतात. त्यांचं ऐकून झालं की पेंडशांचं पुढचं पान मिळमिळीत लागतं.

कादंबऱ्यांच्या बाजूनं मी रूसोचा दाखलाही देऊन पाहिला. ज्याचा 'सामाजिक करार' आम्हाला अभ्यासाला आहे, तो माणूस लहानपणी बापाबरोबर रात्र रात्र जागून आईमागे राहिलेल्या कादंबऱ्या वाचायचा. पहाटे पाखरं ओरडायला लागली की बाप ओशाळून म्हणायचा, चल झोपू या, मी तुझ्याहून लहान आहे. 'सामाजिक करार' आला 1762 साली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी त्यानं स्वतः एक प्रेमाची कादंबरी काढली, ती लोकांनी अक्षरशः फाटेपर्यंत वाचली. हे सगळं मी रात्री जेवताना सांगितलं. आईनं फक्त एवढंच विचारलं, "त्याची आई कधी गेली?" बाळंतपणात, म्हटल्यावर ती बाबांकडे बघून म्हणाली, "मग मुलाला झोपवणार कोण?" कादंबरीचा मुद्दा तिथेच बुडाला.

वाचायला जागा हाही एक प्रश्नच. ओटीवर माणसं, पडवीत सुपारी, माजघरात टीव्ही. माळ्यावर एकांत आहे, पण पावसाळ्यात तिथे कौलातून नेमकं पुस्तकावर गळतं. मे महिन्यात अंगणात साठं, आमसुलं, सांडगे वाळत असतात. त्यांच्याकडेला मी कसर लागलेली पुस्तकं उन्हात मांडते आणि कावळे हाकायच्या निमित्तानं तिथेच बसून वाचते. ती माझी सगळ्यात चांगली जागा. गेल्या वर्षी जाणारा-येणारा "विकायला काढलीस काय?" विचारत होता, एवढाच त्रास. रॉल्स या विचारवंताच्या 'न्यायाचा सिद्धांत' या पुस्तकावर आगळाचा, म्हणजे कोकमाच्या रसाचा, ओघळ आला, तो अजून आहे. एस.टी.त वाचायचं म्हटलं तर पावस गावाकडच्या वळणांवर अक्षरं डोळ्यांपुढून पोटात उतरतात.

विचार करता असं दिसतं की राज्यशास्त्रातल्या माणसांना निवांतपणा बहुधा तुरुंगातच मिळालाय. आमच्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक 1908 ते 1914 मंडालेला होते, तिथे 'गीतारहस्य' लिहून झालं. नेहरूंचं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नगरच्या किल्ल्यातलं. इटलीतल्या मार्क्सवादी ग्राम्शीच्या वह्या मुसोलिनीच्या कैदेतल्या. तिथे कोणी येऊन म्हणत नसणार की रिकामा बसलायस तर जरा फणसाचे गरे काढून दे.

म्हणून मला जवळचा वाटतो तो मॅकियाव्हेली. त्याच्या 'राजपुत्र' या पुस्तकातला कावेबाज नव्हे, पत्रातला. फ्लॉरेन्समध्ये सत्ता बदलली, त्याची नोकरी गेली, कैद झाली, हाल झाले, आणि शेवटी गडी गावाकडच्या वाडीत येऊन पडला. डिसेंबर 1513 मध्ये तो मित्राला आपला दिनक्रम कळवतो. सकाळी रानात लाकूडतोड्यांशी कटकट. जळण उधारीवर नेणाऱ्यांशी पैशांवरून भांडण. दुपारी खाणावळीत खाटीक, गिरणीवाला आणि भट्टीवाले जमवून पत्ते, आणि त्यात दमडीवरून इतकी आरडाओरड की शेजारच्या गावात ऐकू जावी. यात आमच्या गावाहून वेगळं काय आहे सांगा. पण संध्याकाळी तो घरी येतो, दारातच चिखलाचे कपडे उतरवतो, दरबारी पोशाख चढवतो आणि प्राचीन लोकांच्या दरबारात वाचायला बसतो. चार तास त्याला कंटाळा शिवत नाही, गरिबीची चिंता नाही, मरणाची भीती नाही.

हे वाचून मी इतकी भारावले की रात्री भांडी झाल्यावर गाऊन बदलला, लग्नाकार्याला घालते तो कुर्ता घातला, केस नीट केले आणि टेबलापाशी बसले.

आई दारात उभी. "एवढ्या रात्री कुठे निघालीस?"

"कुठे नाही. मॅकियाव्हेली वाचत्ये."

"त्याला कुर्ता कशाला?"

आतून आजीचा आवाज आला, "कोण येणार आहे?"

खरं सांगितलं तर कोणाला पटेना. दुसऱ्या दिवशी आईनं माझा फोन उगाचच दोनदा जागेवरून हलवून ठेवला, आणि पुढच्या आठवड्यात चिपळूणच्या मावशीचा सहज म्हणून फोन आला. तिला एक स्थळ माहीत होतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन कारकुनापायी मला मुलगा बघायला लावणार होते. तेव्हापासून मी प्राचीनांच्या दरबारात गाऊनवरच जाते.

आजीचं आणि टॉल्स्टॉयचं जमलं, त्याचं श्रेय मात्र वीज गेल्याला. टीव्ही बंद, पाऊस धो धो, आणि मी मेणबत्तीशी 'वॉर अँड पीस' घेऊन. आजी म्हणाली, मनात काय वाचतेस, मोठ्यानं सांग. मी सुरुवातीच्या मेजवान्या गाळल्या आणि म्हाताऱ्या काउंट बेझुखोव्हच्या मरणावर आले. म्हातारा आत घरघरतोय. गडगंज इस्टेट आहे, तिच्यावर नात्यातला प्रिन्स वासिलीही टपलेला. पिएर हा त्याचा लग्नाबाहेरचा मुलगा. मृत्युपत्र आणि बादशहाला लिहिलेला अर्ज म्हाताऱ्यानं एका नक्षीदार कातडी बाडात घालून उशीखाली ठेवलाय. आणि शेजारच्या खोलीत म्हाताऱ्याची पुतणी आणि एक लांबची नातेवाईक, दोघी ते बाड दोन्ही बाजूंनी धरून ओढतायत.

आजी उठून बसली. "उशीखाली? येडाच होता. आमच्याकडे भाताच्या कणगीत होते."

आमच्याकडे म्हणजे कधी, कोणाचे, हे मी विचारलं नाही. घरात त्या विषयावर बोलत नाहीत.

"मग मिळालं कोणाला?"

"पिएरला सगळं."

"आणि तो वासिली? तोही टपलेला ना?"

"त्यानं आपली मुलगी पिएरला दिली."

"बघ!" आजीनं मांडीवर हात मारला. "कागद नाही गावले, तर जावई केला."

लोक म्हणतात टॉल्स्टॉयच्या कादंबरीत पाचशेहून जास्त पात्रं आहेत, नावं लक्षात राहत नाहीत. ज्यांना सातबारा वाचायची सवय नाही त्यांनी हे म्हणावं. आमच्या एका गुंठ्यावर रोस्तोव्ह घराण्यापेक्षा जास्त माणसं आहेत, निम्मी मेलेली, उरलेली ठाण्याला, आणि एकाच नावाचे तिघे. आजीनं सगळे रशियन तोंडपाठ केले. नावं तिनं आपल्या सोयीनं केली. पिएरचा पिऱ्या झाला. लढाया मात्र तिला नकोत. नेपोलियन मॉस्कोपर्यंत आला तरी ती म्हणे, "ते असू दे, नताशाचं काय झालं ते सांग." शेवटी टॉल्स्टॉय इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर लांबलचक लिहितो, ते मी तिला सांगितलंच नाही. मीही चाळूनच सोडलंय.

आता भाऊकाका. हे बाबांचे चुलतभाऊ. आमच्या आणि त्यांच्या वाडीमधल्या गडग्यावर हापूसचं एक जुनं कलम आहे. ते कोणाचं यावर माझ्या जन्माआधीपासून दावा चालू आहे. दावा कोर्टात, चहा रोज आमच्याकडे. असेच एकदा ते चहाला आले असताना मी जॉन लॉक हा इंग्रज राजकीय विचारवंत वाचत होते. परीक्षा कधी, हे विचारून झालं. मग म्हणाले, "काय लिहितो हा?"

मी भाबडेपणानं सांगितलं. ओकच्या झाडाखाली पडलेली फळं कोणी वेचून खाल्ली तर ती त्याची झाली, हे नक्की. पण कधी झाली? पचली तेव्हा? शिजवली तेव्हा? घरी आणली तेव्हा? लॉक म्हणतो, उचलली तेव्हाच. कारण उचलण्यात त्याचे श्रम मिसळले.

भाऊकाकांनी कप खाली ठेवला. गेली कित्येक वर्षं त्या कलमाखाली पहाटे पाचला पडलेले आंबे तेच उचलतात.

"परत वाच."

मी परत वाचलं. शिवाय पुढचं, की माझ्या नोकरानं कापलेला गवताचा चापडाही माझाच. "म्हणजे गड्यानं शेण घातलं तरी ते आपण घातल्यासारखंच," काका म्हणाले. त्यांनी पुस्तक मागितलं. नासून जाईल इतकं कोणी घेऊ नये, आणि दुसऱ्यांसाठी तितकंच आणि तसंच चांगलं मागे राहायला हवं, या लॉकच्या अटी मी सांगायला लागले, तर म्हणाले, ते वकील बघतील.

बाबा हे सगळं झोपाळ्यावरून ऐकत होते. काका गेल्यावर म्हणाले, "आपल्या बाजूनं कोणी लिहिलेलं नाही?" मी 1755 सालचा रूसो काढून दिला. जमिनीला कुंपण घालून 'हे माझं' म्हणणारा पहिला माणूस, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी साधीभोळी माणसं, हा उतारा. ते खुंट कोणी उपटून टाकले असते तर मानवजात किती अनर्थांतून वाचली असती, हे वाचून बाबा बराच वेळ गडग्याकडे बघत राहिले. तो जांभ्या दगडाचा आहे, उपटायला चार माणसं लागतील.

दोन दिवसांनी भाऊकाका परत आले. काखेत लॉक, त्यात जागोजागी एस.टी.ची तिकिटं.

"हा हयात आहे काय?"

"1704 साली वारला."

"मुलंबाळं?"

"लग्नच नव्हतं केलेलं."

काका जरा खचले. मग म्हणाले, "पण पुस्तक याचंच, याला पुरावा काय? वकील विचारणार."

मी म्हटलं, छापलं तेव्हा त्यानं नाव घातलंच नव्हतं. आयुष्यभर उघडपणे कबूल केलं नाही. पुस्तक आपलं, हे त्यानं लेखी दिलं ते मृत्युपत्रात.

काका पुढे सरसावले. "रजिस्टर केलेलं?"