गोड पिठल्याची गोष्ट

आज दुपारी एका पाहुण्यांना जिंबोचोला जेवायला नेले आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. गृहस्थ पुण्याहून कामासाठी तोक्योत आलेले, ओळखीच्यांच्या ओळखीचे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर ‘बोंडी’ आहे. तिथे करीच्या आधी सालासकट उकडलेले बटाटे आणि लोणी समोर येते, मग किसलेले चीज पेरलेला भात आणि वाफाळती, दाट, फळांचा गोडवा असलेली करी. पाहुण्यांनी दोन चमचे खाल्ले, ताट पुढे ढकलले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ही कसली करी? हे तर गोड पिठले!” वाढणाऱ्या मुलीला मराठी येत नव्हते, पण ढकललेले ताट तिला कळले असणारच.

मला त्या क्षणी आठवले ते तोक्योतल्याच निशिकासाई भागातले करीचे एक दुकान. बारा वर्षांपूर्वी मी नुकतीच इथे राहायला आले होते. सहा माणसे बसतील एवढेच ते दुकान, आणि स्वयंपाकापासून भांडी घासण्यापर्यंत सगळे एकटे करणारे एक आजोबा. मी भारतातून आले आहे हे कळताच त्यांनी हातातला डाव खाली ठेवला, हात पुसले आणि मी पहिला घास घेईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मी काय म्हणाले, ते पुढे सांगते.

आधी पिठल्याचे बघू. पिठले ही शिवी कधीपासून झाली? पावसाळ्यात पिठलं-भाकरीच्या नावाने गहिवरणारी माणसे आपण, कढीला बेसन लावणारी माणसे आपण, आणि जपानी माणसाने लोण्यावर गव्हाचे पीठ परतून रस्सा दाट केला की आपल्याला हसू येते. गोडाचे म्हणाल तर चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाने तरी तक्रार करू नये. इथल्या घराघरांत १९६३ पासून ‘व्हर्माँट करी’च्या वड्या (रश्श्यात विरघळवायचा तयार मसाला) वापरल्या जातात, त्यात सफरचंद आणि मध असतो, आणि ते पाकिटावर अभिमानाने लिहिलेले असते. आपण आमटीत गूळ घालतो आणि विचारले की “अगदी चवीपुरता” म्हणतो.

शिवाय ‘आमची करी’ म्हणजे नेमके काय? माझ्या आजीने आयुष्यात हा शब्द उच्चारला नाही. तिच्या स्वयंपाकघरात आमटी होती, सार होते, रस्सा होता, कालवण होते. करी हा साहेबाच्या तोंडचा शब्द, आणि जपानला ती साहेबाकडूनच मिळाली. १८७२ साली इथे छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकांत ती पाश्चात्त्य पदार्थ म्हणूनच आली. पुढे ती नौदलात शिरली, १९०८ च्या नौदलाच्या पाकपुस्तकात तिची कृती आहे, आणि आजही जहाजांवर शुक्रवारी करीच असते. म्हणजे ती आपली बिघडलेली आमटी नाहीच. ज्या पदार्थाला दीडशे वर्षांचा स्वतःचा इतिहास आहे, त्याला आपल्या तिखटाच्या डब्याने का मोजायचे? तो डबासुद्धा पोर्तुगीजांच्या कृपेने भरलेला आहे.

मान्य आहे, शाकाहारी माणसाचे इथे हाल होतात, कारण वड्यांमध्ये बहुधा प्राण्यांची चरबी असते. आणि हो, काही ठिकाणची करी खरोखरच मिळमिळीत असते. पुढे चला.

ज्यांना भारतीय धागाच हवा आहे, त्यांनी शिंजुकूच्या ‘नाकामुराया’त जावे. ब्रिटिशांपासून लपणाऱ्या रासबिहारी बोस यांना या दुकानाच्या मालकांनी आसरा दिला, पुढे त्यांची मुलगी बोसांची पत्नी झाली आणि १९२७ पासून तिथे बोसांची करी मिळू लागली. गिन्झातल्या ‘नायर्स’मध्ये (स्थापना १९४९) वाढणारा माणूस कोंबडीची तंगडी तुमच्यासमोर हाडापासून सोडवून देतो आणि सगळे नीट कालवून खा, असे दटावतो, मला तिथे हमखास माहेरी आल्यासारखे वाटते. ओसाकाच्या ‘जियुकेन’मध्ये १९१० पासून भात करीत कालवूनच देतात, वर कच्चे अंडे फोडलेले, पहिल्यांदा धीर होत नाही, नंतर सवय होते. आणि जिंबोचोचीच १९२४ ची ‘क्योएइदो’, जिथली काळसर, पातळ सुमात्रा करी पीठ न लावता केलेली असते. पाहुण्यांना तिथे न्यायला हवे होते का? नाही. मी त्यांना माझ्या आवडीच्या ठिकाणी नेले होते आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

इथवर लिहिताना लक्षात येते आहे की माझा राग त्या गृहस्थांवर जेवढा आहे, तेवढाच दुसऱ्या कोणावर तरी आहे. कारण त्या दिवशी आजोबांसमोर मी एक घास खाल्ला, हसले आणि म्हणाले, “छान आहे, पण आमच्याकडे याला करी म्हणत नाहीत.” नवीनच शिकलेल्या जपानीत एवढे लांब वाक्य जमले, याचा मला आनंदच झाला होता. आजोबा कमरेत वाकले आणि “सुमिमासेन” म्हणाले. माफी! त्यांच्या दुकानात, त्यांच्या करीबद्दल, माझी माफी!

पुढच्या आठवड्यात गेले, तर माझ्या ताटाशेजारी तिखटाची एक छोटी वाटी होती. त्यांनी ते कुठून आणले होते, कोण जाणे. मी ते मुकाट्याने भुरभुरले आणि मान डोलावली. त्यानंतर दोन वर्षे, मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा, ती वाटी न मागता आली, आणि तिखट नको आहे असे सांगायचा मला कधी धीर झाला नाही. मग दुकान बंद झाले. आता तिथे केस कापण्याचे दुकान आहे. तिखटाशिवाय ती करी कशी लागत होती, हे मला पहिल्या दिवशीच्या त्या ताटापुरतेच माहीत आहे, आणि तेव्हा माझे लक्ष वाक्य जुळवण्याकडे होते.