गाडीत एकत्र होतं म्हणून घरातही एकत्र?

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ओला-सुका कचरा वेगळा करून उपयोग नाही, घंटागाडीत सगळं एकत्रच ओततात, घरी खत करायला जाल तर वास आणि अळ्या, आणि दुधाच्या पिशव्या धुण्यात पाणी वाया जातं.

आधी घंटागाडी. काही ठिकाणी एकत्र ओततात, हे खरं आहे आणि ते चूकच आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा वेगळा करून देणं आपल्यावर घातलं, तसं तो वेगळाच गोळा करून नेणं पालिकेवर घातलं. तेव्हा गाडीत एकत्र ओतताना दिसलं तर फोटो काढा, वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. घरातला डबाच एक केला, तर "लोकच वेगळा देत नाहीत" ही सबब आपण पालिकेच्या हातात आयती देतो.

शिवाय कचरा डेपोत पोचण्याआधी त्याला माणसाचे हात लागतात. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. सुक्यातला पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, दुधाच्या पिशव्या निवडून भंगारात जातात आणि ते पैसे वेचक बायकांच्या संसाराला लागतात. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला कोण भाव देणार? त्याच पिशवीत फुटकी काच किंवा नुसतं टाकलेलं सॅनिटरी पॅड असेल, तर ते त्या बाईच्या बोटांना लागतं. या मेसेजचा मला राग येतो तो यासाठी. पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करायला कितीसा वेळ लागतो?

आणि उरलेलं जातं कुठे? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला. तिथल्या विहिरी नासल्या, लोकांना गाड्या अडवाव्या लागल्या. ढिगाखाली हवा न मिळता ओला कचरा कुजला की मिथेन तयार होतो, आणि तो पेट घेतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईत देवनारचा डेपो कित्येक दिवस धुमसत होता. घरातल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो. तो घरातच जिरला, तर गाडीत काहीही झालं तरी तो डेपोत जात नाही.

राहिला वास. वास येतो तो डबा पाणथळ झाला म्हणून. भोकं पाडलेली बादली घ्या, तळाशी नारळाच्या शेंड्या, वर भाजीची देठं-सालं, आणि प्रत्येक थरावर मूठभर सुका पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). सुरुवातीला थोडं आंबट ताक किंवा शेणकाला शिंपडा, आठवड्यातून दोनदा खालीवर करा. मुठीत दाबलं की ओलसर लागावं, पाणी गळू नये. गळलं तर पाला वाढवा. शिजलेलं अन्न सुरुवातीला नकोच. अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. नको असतील तर वर पाल्याचा जाड थर द्या.

दुधाच्या पिशव्या धुवायला वेगळं पाणी लागतच नाही. भांडी विसळलेल्या पाण्यात बुचकळून तारेवर अडकवली की झालं. फक्त कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, चीर देऊन तसाच राहू द्या. सुटलेला तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो.