सपाट पंखांचं विमान

आज पोराच्या कॅलेंडरात लाल पेनाने रिमार्क. वर्गात कागदी विमान उडवलं, उलट प्रश्न विचारतो, पालकांची सही आणणे. उलट प्रश्न काय, तर टीचरने फळ्यावर लिहून दिलं की पंख वरून फुगीर असतो, वरच्या हवेला लांबून जावं लागतं, खालच्या हवेला गाठायला ती जोरात पळते म्हणून विमान उडतं. ह्याने विचारलं, माझ्या विमानाचे पंख तर सपाट आहेत, ते कसं उडतं? आणि उडवून दाखवलं. झाला गुन्हा.

अरे बरोबर आहे ना त्याचं! वरच्या-खालच्या हवेने मागे एकत्रच पोचायचं असा काही नियम नाही, वरची तर आधीच पोचते. फुगीर पंखाचा फायदा होतो, मान्य, पण एअर शोला विमान उलटं करून पण उडवतातच की. पंख जरा तिरका असला की हवा खाली ढकलली जाते आणि पंख वर. टॅक्सीच्या खिडकीबाहेर तळवा तिरका धरलाय कधी? तेच ते. (धरू नका, हात जाईल.)

मला सारख्या आमच्या चौथीच्या बाई आठवतायत. म्युनिसिपाल्टीची शाळा, धो धो पाऊस, पीटीचा तास बुडालेला. बाईंनी पाठकोरे कागद वाटले, म्हणाल्या करा विमानं. नुसता धिंगाणा. मग म्हणाल्या, आता उलगडा. आम्ही हिरमुसलो, पण उलगडलं तर घड्याच घड्या. वरची कड मधल्या घडीवर आणली की 90 चे 45, परत आणली की साडेबावीस, कोनमापक न लावता! अर्ध्या वर्गाकडे कंपासपेटी नव्हतीच म्हणा.

आणि इथे घाटकोपरला डोक्यावरून दिवसभर विमानं उतरतात, चाकं दिसतात इतकी खाली, आणि पोरं 'उड्डाणाची चार बले' पाठ करतायत. फी किती ते बोलत नाही. राइट बंधूंना पुस्तकातले आकडे जुळेनात म्हणून त्यांनी 1901 ला लाकडी खोक्यात वारा सोडून स्वतः पंख तपासले, तेव्हा कुठे 1903 ला 12 सेकंद, 120 फूट उडाले. लोकलचे दोन डबे पण नाहीत. त्यांच्या कॅलेंडरात काय लिहिलं असतं?

बरं, टीचरचं पण खरं आहे. वर्गात साठ पोरं, पोर्शन संपवायचा, आणि विमानाचं टोक कुणाच्या डोळ्यात गेलं तर भांडायला मीच पहिला जाणार. तिला पण कुणीतरी हेच शिकवलं असणार.

आमच्या बाईंचं विमान सगळ्यात भिकार होतं, फळ्यापाशीच नाक आपटलं. बाई हसल्या, मागच्या कडा जराशा वर वळवल्या, आणि ते थेट शेवटच्या बाकावर माझ्यापर्यंत आलं. ते मी कितीतरी वर्षं भूगोलाच्या वहीत ठेवलेलं.

मघाशी पोराला कडा वळवायला शिकवलं. आता विमान ट्यूबलाइटच्या पट्टीवर अडकलंय, तो स्टूल शोधतोय, आणि मी सही करायला पेन सापडत नाही असं बायकोला सांगून हे टाइप करतोय.