अपघात करण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

गाडीचा विमा उतरवलाय म्हणून रात्री शांत झोपणाऱ्या सर्व भाबड्या जिवांसाठी हे चार शब्द. सल्ला द्यायचा अधिकार मी नुकताच कमावला आहे. सात आठवड्यांपूर्वी माझी गाडी लाल सिग्नलला उभी होती. हँडब्रेक ओढलेला. मागून एक गृहस्थ मोबाइल वाचत वाचत थेट माझ्या डिकीत आले. इजा कुणालाच झाली नाही. बंपरचे दोन तुकडे, डिकीचं दार आत, उजवा टेललॅम्प रस्त्यावर. "विमा आहे ना? मग झालं तर!" असं ते गृहस्थ म्हणाले आणि मीही मान डोलावली. ती मान आता आठवली की लाज वाटते.

तर पहिला सल्ला. अपघात शक्यतो कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत करावा. माझा शनिवारी संध्याकाळी झाला, ही माझी चूक. कंपनीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि त्यात काही खोटं नाही, चोवीस तास सुरेल संगीत वाजतं. मी चाळीस मिनिटं ऐकलं. सोमवारी एकदाचा माणूस लागला आणि त्याचा पहिला प्रश्न होता, "सर, कळवायला दोन दिवस उशीर का केलात?"

रक्त पुसायच्या आधी फोटो काढा.

कागदपत्रांची फाइल तयार ठेवू नका, त्यांचा हिरमोड होतो. मी सगळं एकदम पाठवलं होतं: लायसन्स, आरसी, पॉलिसी, गॅरेजचं एस्टिमेट, फोटो. उत्तर आलं, लायसन्सची मागची बाजू हवी. ती पाठवली. चार दिवसांनी, रद्द केलेला चेक हवा. तो पाठवला. मग फोटोत नंबरप्लेट नीट दिसत नाही. नंबरप्लेट बंपरसोबत तुटली होती, दिसणार कुठून? ते कळवल्यावर पुन्हा लायसन्सची मागची बाजू. दर वेळी नवं माणूस, दर वेळी "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" आणि दर वेळी पहिल्यापासून हकिगत. आता ती मला पाठ आहे, सिग्नलसकट.

सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. गॅरेजवालाही लावत नाही. गाडीवर धूळ साचते, धुळीवर कुणीतरी बोटानं नाव लिहून जातं.

पुढची गाडी घेताना शक्यतो संपूर्ण काचेची घ्यावी. माझ्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर सरसकट 50 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणापोटी कपात, आहे, काचेवर शून्य. टेललॅम्प प्लास्टिकचा निघाला, म्हणून कंपनी अर्ध्या टेललॅम्पचे पैसे देणार. अर्धा टेललॅम्प कुठेही विकत मिळत नाही. मी विचारून पाहिलं.

नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, थोडक्यात सांगतो: धडक त्यांनी दिली, बोनस माझा गेला. मला दिलेले पैसे त्या गृहस्थांकडून वसूल करायचा हक्क मात्र कंपनीनं माझ्याच सहीनं आपल्याकडे घेतला. त्या कागदाला सबरोगेशन म्हणतात. हा एकच कागद कंपनीनं आपणहून, वेळेवर, पहिल्याच फटक्यात मागितला.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. खरं बोलू नका.

क्लेम फॉर्मवर एक चौकट असते, "अपघातापूर्वी वाहनास काही नुकसान होते काय?" मी लिहिलं, "होय. मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्याला बोटभर ओरखडा." कुणी विचारलं नसतं, फोटोत दिसत नव्हता, धडक उजवीकडून बसली होती. पण विचारलंय तर सांगावं, एवढ्याच बुद्धीनं लिहिलं. तीन आठवड्यांनी हिशेबाचा कागद आला. बंपर: शून्य. शेरा: पूर्वीचे नुकसान. अख्खा बंपर! बोटभर ओरखड्यापायी! म्हणजे दोन तुकडे झालेला बंपर त्या ओरखड्यामुळेच तुटला आणि मागून आलेली गाडी नुसती साक्षीला उभी होती? मी फोन केला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हीच लिहून दिलंय ना." हो रे बाबा, मीच लिहून दिलंय! खोटं लिहिलं असतं तर पैसे दिले असतेत!

विम्याच्या धंद्यात 'परम सद्भाव' नावाचं एक तत्त्व आहे: महत्त्वाचं काही एकमेकांपासून लपवायचं नाही. त्याचा जुना निवाडा 1766 सालचा, इंग्लंडमधला. सुमात्रा बेटावरच्या मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर कार्टर यानं किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा उतरवला. 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा बोएम म्हणाला, किल्ला कच्चा होता, हल्ल्याची शक्यता होती, हे तू मला सांगितलं नाहीस, पैसे देणार नाही. निकाल देणारे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड. सद्भाव दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, असं त्यांनी बजावलं आणि निकाल कार्टरच्या बाजूनं दिला. पैसे घेताना चौकशी करायची नाही आणि द्यायची वेळ आली की "सांगितलं नव्हतं" म्हणायचं, हे चालणार नाही. तिथे न सांगूनही कार्टर जिंकला. इथे मी सांगून बुडालो.

आता उपरोध पुरे, माझ्याच्यानं होत नाही.

अहो, नऊ वर्षं हप्ता भरतोय. एकदाही चुकवला नाही. एक दिवस उशीर झाला असता तर विमा तिथल्या तिथे संपला असता, तेव्हा लायसन्सची मागची बाजू कुणी मागितली नसती. हप्ता घेताना मी 'सन्माननीय ग्राहक' आणि क्लेम केला की त्याच क्षणी संशयित? लबाड लोक खोटे क्लेम करतात, मान्य. त्यांना पकडा. पण पकडता येत नाही म्हणून, जो समोर येऊन खरं सांगतो त्याच्याच खिशात हात घालायचा, याला तपासणी म्हणत नाहीत. भामटेगिरी म्हणतात. बंपरच्या पैशांनी तुमचं दिवाळं निघणार नाही आणि माझंही नाही. पण माणसाला दमवून, रडकुंडीला आणून, "जाऊ दे, मरू दे" म्हणायला लावायचं आणि ती बचत म्हणून वहीत लिहायची, याची थोडी तरी शरम बाळगा.

मी एकच गोष्ट मागितली आहे: पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली अख्खा बंपर वजा केलात, त्याचा क्रमांक लेखी द्या. आज अकरावा दिवस. गाडी अजून गॅरेजमध्येच आहे.