एअर सस्पेन्शनच्या ‘सीलंट’ मेसेजबद्दल खुलासा

पुण्यातल्या जुन्या एसयूव्हीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘गाडी रात्रभरात एका कोपऱ्यात बसते म्हणजे कॉम्प्रेसर गेला. तो बदला, नाहीतर एअर बॅगमध्ये ट्यूबलेसचं सीलंट सोडा.’ एअर सस्पेन्शनमध्ये गाडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर उभी असते; इथे एअर बॅग म्हणजे त्या, अपघातात उघडणाऱ्या नव्हेत. मेसेजमधलं दोन्ही चुकीचं आहे.

कॉम्प्रेसर फक्त हवा भरतो. ती धरून ठेवतात बॅग, पाइप आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (बॅगांकडे हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपांचा ठोकळा). गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर टाकलात तर तोही सतत चालून तापेल आणि जळेल. सीलंट तर व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बारीक वाटा बुजवतं, म्हणजे एका बॅगेचं काम अख्ख्या सिस्टीमवर जातं.

आधी गळती शोधा. संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजून सस्पेन्शनचा फ्यूज काढा, कारण काही गाड्या बंद असतानाही स्वतःला लेव्हल करतात आणि माप फसवं येतं. सकाळी परत मोजा; जो कोपरा खाली आला, गळती तिथे शोधायची. मग फ्यूज लावून गाडी सर्वांत उंच करा, चाकांना अडण लावा, चॅसी स्टँडवर टेकवा आणि साबणाचं पाणी मारा. बॅगेच्या खालच्या घडीत रबर आधी चिरतं आणि गाडी खाली असताना ती चीर दिसतच नाही. पाइपच्या जोडावर बुडबुडे आले तर टोक सरळ कापून नवा फिटिंग बसवला की बहुतेकदा भागतं. बॅग मात्र एका ॲक्सलवर जोडीनेच (पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही) बदला, आणि तीत थोडी हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन टाकू नका. रिकामी बॅग घडीत चिमटून फाटते.

नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.